सोलरचं गणित मी तीन वेळा मांडलं

पहिल्यांदा ते मी मांडलंच नव्हतं खरं तर, आयतं मिळालं होतं. सोलरवाला आला, गच्चीवर गेला, टेप लावून मोजलं, मोबाईलमध्ये काहीतरी टाकलं आणि दुसऱ्या दिवशी व्हॉट्सॲपवर एक रंगीत पीडीएफ आली, त्यात मोठ्या हिरव्या अक्षरात लिहिलं होतं की ५ किलोवॅटची सिस्टीम, ५ वर्षात पूर्ण वसूल, पुढची २० वर्षं वीज फुकट. नवरा म्हणाला, अगं मग वाट कसली बघतेस. दादाला फॉरवर्ड केलं तर त्याचं उत्तर, "फुकट हा शब्द दिसला की आधी पीडीएफचं शेवटचं पान वाच." शेवटच्या पानावर बारीक अक्षरात फक्त एवढंच होतं की वरचे आकडे अंदाजे आहेत.

मग बसले एक्सेल उघडून. पैशाचे आकडे इथे देत नाही, कारण प्रत्येकाचा दर वेगळा, खर्च वेगळा, सबसिडी असली तर ती वेगळी, माझे आकडे बघून तुम्हाला काहीच कळणार नाही. त्यापेक्षा असं करू, सिस्टीमचा माझ्या खिशातून जाणारा सगळा खर्च १०० धरू आणि बाकी सगळं त्याच्या हिशोबात बोलू. म्हणजे सोलरवाल्याचं म्हणणं होतं की १०० घाला, पहिल्या वर्षी २० वाचतील.

हे २० आले कुठून ते आधी शोधलं. त्याने आमच्या वर्षभराच्या बिलाच्या एकूण रकमेला एकूण युनिटने भागलं, जो दर आला त्याने सोलरच्या सगळ्या युनिटला गुणलं, संपलं. आता बिल नीट बघितलं तर त्यात एक स्थिर आकार असतो, तो वीज वापरा नाहीतर न वापरा, कनेक्शन आहे तोपर्यंत भरायचाच. सोलर लावल्यावर तो कमी होत नाही. मग तो दरात मिसळून त्याची 'बचत' कशी काय दाखवता? तो काढला तर २० चे १८ झाले. फार मोठा फरक नाही पण इथून माझा त्या पीडीएफवरचा विश्वास उडायला लागला.

इथेच स्लॅबचंही सांगते. बऱ्याच ठिकाणी जास्त वापराला जास्त दर असा प्रकार असतो, आणि सोलरची युनिटं तुमच्या वापरातनं वजा होतात ती वरच्या, महागड्या स्लॅबपासून. म्हणजे पहिला किलोवॅट सगळ्यात जास्त वाचवतो, दुसरा त्याहून कमी, आणि शेवटचा किलोवॅट खालच्या स्वस्त स्लॅबची वीज वाचवत बसतो. ज्याचं बिल मुळातच खालच्या स्लॅबमध्ये संपतं त्याला शेजाऱ्याचं सोलर किती वर्षात वसूल झालं हे ऐकून काही उपयोग नाही, शेजारी दोन एसी चालवतो.

बरं, आता उत्पादन. पीडीएफमध्ये ५ किलोवॅटला वर्षाला ७,५०० युनिट धरले होते. हा आकडा मी फुकटच्या वेबसाईटवर तपासला, युरोपियन कमिशनचं पीव्हीजीआयएस आहे, अमेरिकेच्या एनआरईएल या संस्थेने बनवलेलं पीव्हीवॅट्स आहे, जागतिक बँकेचा ग्लोबल सोलर ॲटलस आहे. जागा निवडायची, पॅनेलचा उतार आणि दिशा टाकायची, महिन्यानुसार युनिट येतात. चांगलं ऊन असलेल्या जागी १ किलोवॅटला वर्षाला १,५०० च्या आसपास युनिट येतात, ढगाळ आणि विषुववृत्तापासून लांबच्या जागी ९०० ते १,००० वर समाधान मानायचं. आमचा ७,५०० चा आकडा बरोबर निघाला. याचं श्रेय सोलरवाल्याला द्यायलाच हवं.

यात एक गंमत कळली जी मला आधी माहीत नव्हती. पॅनेलवर ४०० वॉट लिहिलेलं असतं ना, ते प्रयोगशाळेतले ४०० वॉट, दर चौरस मीटरला १,००० वॉट प्रकाश आणि सेलचं तापमान २५ अंश अशा परिस्थितीत मोजलेले. गच्चीवर कडक उन्हात सेल सहज ६० अंशावर जातो आणि २५ च्या वर प्रत्येक अंशाला साधारण ०.३ ते ०.४ टक्के वीज कमी होते, म्हणजे ६० अंशाला बारा एक टक्के गेलेच. जितकं ऊन कडक तितकी वीज जास्त, हे अर्धंच खरं आहे. पॅनेलला प्रकाश हवा असतो, उष्णता नको असते. म्हणून पॅनेल छताला चिकटवून न बसवता खालून वारा जाईल अशी फट ठेवून बसवतात. वरच्या वेबसाईट हे तापमानाचं नुकसान धरूनच आकडा देतात त्यामुळे तुम्ही परत वजा करू नका, मी केलं होतं आणि उगाच दोन दिवस निराश होते.

तर ७,५०० युनिट. आणि आमचा वर्षाचा वापर किती? ४,२००.

इथे मी थांबले. सोलरवाल्याने सगळ्या ७,५०० युनिटना माझ्या बिलातला दर लावला होता, मी वापरतेच ४,२००, आणि त्यातलेही बरेचसे रात्री. उरलेल्या विजेचं काय होतं हा खरा प्रश्न आहे आणि त्याचं उत्तर पॅनेलमध्ये नसून तुमच्या वीज कंपनीच्या नियमात आहे. नेट मीटरिंग असेल तर दुपारी ग्रिडला, म्हणजे वीज कंपनीच्या तारांच्या जाळ्याला, दिलेलं युनिट रात्री परत घेता येतं, एकास एक, जणू ग्रिड म्हणजे तुमची फुकटची बॅटरी. पण नेट बिलिंग असेल तर तुम्ही दिलेल्या युनिटला एक दर आणि घेतलेल्या युनिटला दुसरा, आणि दिलेल्याचा दर बहुतेक वेळा कमी. आमच्याकडे हे दुसरं आहे, दिलेल्या युनिटला घेतलेल्याच्या साधारण एक तृतीयांश मिळतात. मी सोलरवाल्याला फोन केला, म्हटलं हे शीटमध्ये का नाही, तर म्हणाला मॅडम नियम बदलत असतात. हो ना, बदलतात, म्हणूनच तर विचारतेय!

आणि बदलतात म्हणजे खरंच बदलतात. जर्मनीने २००० साली कायदा केला तेव्हा सोलरच्या विजेला ठरलेला दर २० वर्षांसाठी बांधून दिला होता, तिथे ज्यांनी तेव्हा लावलं त्यांना पुढच्या २० वर्षांचं उत्पन्न आधीच माहीत होतं. उलट कॅलिफोर्नियात एप्रिल २०२३ पासून नवीन अर्जांना नेट मीटरिंगऐवजी नेट बिलिंग लागू झालं आणि ग्रिडला दिलेल्या विजेचा मोबदला एकदम खाली आला, तेच ऊन, तेच पॅनेल, पण नव्याने लावणाऱ्याचं गणित एका तारखेत बदललं. त्यामुळे आज दर काय आहे एवढं विचारून भागत नाही, तो किती वर्षांसाठी लेखी बांधलेला आहे हे विचारा. लेखी नसेल तर तो दर आहे असं धरून २५ वर्षांची शीट बनवू नका.

मग दुसरं गणित. आमच्या ४,२०० मधले दिवसा, ऊन असताना किती वापरले जातात? मी आधी अंदाजाने अर्धे म्हटलं होतं. मग पंधरा दिवस सकाळी ९ ला आणि संध्याकाळी ५ ला मीटरचं रीडिंग वहीत लिहिलं (घरच्यांनी बरीच चेष्टा केली, मुलगी म्हणे आई मीटर रीडरची नोकरी लागली का) आणि लक्षात आलं की दिवसाचा वाटा जेमतेम ३५-४० टक्के आहे. दिवसा घर रिकामं असतं, फ्रीज, राऊटर आणि एखादा पंखा, बाकी सगळा दंगा संध्याकाळी ७ नंतर. म्हणजे वर्षाचे धरले १,६०० युनिट. हे १,६०० पूर्ण किमतीचे. उरलेले ५,९०० ग्रिडला, एक तृतीयांश किमतीचे, म्हणजे पूर्ण किमतीच्या २,००० युनिटइतकेच. एकूण झाले ३,६०० च्या आसपास, ७,५०० च्या निम्मे पण नाहीत. १८ चे झाले साडेआठ.

५ वर्षं म्हणत होते, इथे १२ झाली.

त्या रात्री मी नवऱ्याला सांगून टाकलं की नको आपल्याला सोलर बिलर. पण दादाने एक बारीक प्रश्न विचारला, की ५ किलोवॅटच का? तर त्याचं उत्तर असं की गच्चीवर ५ किलोवॅट मावत होतं. आजकालच्या पॅनेलची कार्यक्षमता २० टक्क्यांच्या पुढे आहे, म्हणजे १ किलोवॅटला ५ चौरस मीटर पॅनेल पुरतात, आमच्याकडे जागा होती, म्हणून ५. जागा आहे म्हणून तेवढं लावायचं, हे कुठलं गणित?

२ किलोवॅट धरून बघितलं. ३,००० युनिट तयार होतील, त्यातली १,३५० घरात वापरली जातील, कारण छोट्या सिस्टीमची वीज दिवसाच्या वापरातच बऱ्यापैकी जिरते. उरलेली १,६५० ग्रिडला, त्यांची किंमत ५५० युनिटइतकी. म्हणजे ३,००० पैकी १,९०० चं मोल मिळालं, ६३ टक्के. छोट्या सिस्टीमला दर किलोवॅटमागे खर्च थोडा जास्त येतो, कारण माणसं तेवढीच लागतात, कागदपत्रं तेवढीच, वायरिंग जवळपास तेवढंच. मी १५ टक्के जास्त धरला. तरीही १०० ला जवळजवळ १० वाचतात. साडेआठच्या जागी १०. सिस्टीम लहान केली आणि परतावा वाढला, आणि घालायचे पैसेही निम्म्याहून कमी. नेट मीटरिंग असतं तर उलटं झालं असतं, तेव्हा वर्षाच्या वापराएवढी म्हणजे आमच्यासाठी ३ किलोवॅटच्या जवळपास सिस्टीम बरोबर ठरली असती. पण त्यातही ५ नाहीच!

आता १०० ला १० म्हणजे १० वर्षात वसूल, हे चांगलं की वाईट? 'किती वर्षात वसूल' हा आकडा सगळे विचारतात आणि मला तो आता अजिबात आवडत नाही, कारण त्याने बँकेतल्या ठेवीशी तुलना करता येत नाही. ठेव किती वर्षात वसूल होते असं आपण विचारतो का, किती टक्के मिळतात ते विचारतो. आणि ठेवीत मुद्दल परत मिळतं, पॅनेलमध्ये मुद्दल तिथेच गच्चीवर झिजत जातं, २५ वर्षांनी हातात जुनं पॅनेल उरतं. म्हणून एक्सेलमध्ये आयआरआर नावाचा फॉर्म्युला असतो (घातलेल्या पैशावर वर्षाला किती टक्के परतावा पडतो ते काढणारा) तो वापरा, कठीण नाही, पहिल्या ओळीत उणे १०० आणि पुढे वर्षावर्षाची बचत लिहीत जायचं.

मी काय धरलं ते सांगते. पहिल्या वर्षी १० ची बचत, दरवर्षी पॅनेलची अर्धा टक्का झीज (कंपन्यांची २५ वर्षांची वॉरंटी साधारण याच हिशोबाने असते, शेवटी ८० ते ८७ टक्के क्षमता राहील अशी), साफसफाई आणि किरकोळ दुरुस्तीला दरवर्षी १, आणि १३ व्या वर्षी नवीन इन्व्हर्टरला (पॅनेलची डीसी वीज घरात चालणाऱ्या एसी विजेत बदलणारं यंत्र) १२. इन्व्हर्टर २५ वर्षं चालत नाही, १० ते १५ वर्षं चालला तर नशीब, आणि पीडीएफमध्ये त्याचा पत्ताच नव्हता. विजेचा दर अजिबात वाढणार नाही असं धरलं. उत्तर आलं साडेसहा टक्क्यांच्या जरा खाली.

मग गंमत म्हणून विजेचा दर दरवर्षी ३ टक्क्यांनी वाढेल असं टाकलं. उत्तर एकदम पावणेदहाच्या आसपास! दुसरं काहीही न बदलता. एका खान्यात ३ लिहिलं आणि सव्वातीन टक्के परतावा हवेतून तयार झाला. सोलरवाल्याच्या शीटमध्ये ६ होते. कोणाचं सोलरचं गणित बघायला मिळालं तर दुसरं काही बघू नका, आधी हे खानं शोधा. दर वाढणार नाहीत असं मी म्हणत नाही, वाढतीलच बहुतेक, पण रचना पण बदलू शकते, युनिटचा दर तेवढाच ठेवून स्थिर आकार वाढवला तर तुमची बचत वाढायच्या ऐवजी तिथेच राहते आणि बिल मात्र वाढतं.

उलट बाजूनेही करून बघितलं. १० च्या जागी ७ वाचले तर? म्हणजे सावली आली, धूळ साचली, दिवसा घरात कोणीच नसलं. उत्तर २ टक्के. साध्या भाषेत १० वर्षांची १४ वर्षं झाली, ऐकायला काही फार वाईट नाही वाटत, पण परतावा साडेसहावरून २ वर आला. ठेवीतसुद्धा त्याहून जास्त मिळतात. म्हणून तर वर्षांचा आकडा फसवा आहे.

कर्जाचंही इथेच येतं. "बिलाएवढाच हप्ता, खिशाला झळ नाही" असं सांगतात. कर्जाचा व्याजदर जर तुमच्या आयआरआरपेक्षा जास्त असेल तर तुम्ही बँकेसाठी गच्चीवर वीज बनवताय, बाकी काही नाही.

सावलीबद्दल जरा जास्त लिहिते कारण इथे आमची चूक होता होता वाचली. पॅनेलमधले सेल एकापाठोपाठ एक जोडलेले असतात, एकावर सावली पडली की तो अख्ख्या रांगेचा प्रवाह अडवतो, पाईपवर पाय दिल्यासारखा. त्यावर उपाय म्हणून पॅनेलमध्ये बायपास डायोड असतात, बहुतेक पॅनेलमध्ये तीन, ते अडलेला तिसरा हिस्सा बाजूला काढून बाकीचं चालू ठेवतात. पण तरी पाण्याच्या टाकीची हातभर सावली म्हणजे हातभरच नुकसान असं होत नाही, तिच्यापायी पॅनेलचा तिसरा हिस्सा जातो. आमचा सोलरवाला भर दुपारी आला होता, तेव्हा सूर्य डोक्यावर आणि टाकीची सावली टाकीच्या पायाशी. मी सकाळी ९ ला गेले तर सावली त्याने आखलेल्या तिसऱ्या पॅनेलपर्यंत पोचलेली. प्रत्येक पॅनेलला वेगळा छोटा इन्व्हर्टर किंवा ऑप्टिमायझर लावायचा पर्याय असतो पण त्याचा खर्च वेगळा, आणि त्यापेक्षा पॅनेल सरकवणं फुकट आहे.

बॅटरीवर फार वेळ घालवला नाही. बॅटरी काय करते, तर ग्रिडला एक तृतीयांशात जाणारं युनिट अडवून रात्री पूर्ण किमतीत वापरते, म्हणजे एका युनिटमागे दोन तृतीयांश कमावते, त्यातून येण्याजाण्यातलं दहा एक टक्के नुकसान वजा. लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी काही हजार वेळा चार्ज होते, पण २ किलोवॅटच्या सिस्टीमला उरणारी वीज दिवसाला चार-साडेचार युनिट, आणि ढगाळ महिन्यांत तेवढीही नाही, मग ती बॅटरी अर्धवट भरून बसून राहणार. आमच्या गणितात ती बसली नाही. पण ज्यांच्याकडे वीज जाते त्यांनी एक लक्षात ठेवा, साधं ग्रिडला जोडलेलं सोलर वीज गेली की बंद पडतं, कितीही ऊन असलं तरी. ते मुद्दामच तसं केलेलं असतं, नाहीतर तारेवर काम करणाऱ्या लाईनमनला तुमच्या गच्चीवरच्या विजेचा शॉक बसेल. आमच्या ओळखीतल्या एकाला हे सिस्टीम लावल्यावर कळलं, अंधारात. वीज जाताना घर चालू राहावं असं वाटत असेल तर बॅटरी आणि ती जोडता येईल असा हायब्रिड इन्व्हर्टर लागतो, आणि तो खर्च सोयीसाठी केलेला आहे असं सरळ म्हणा, त्याला परतावा शोधत बसू नका.

तिसरं गणित बॅटरीशिवायच्या बॅटरीचं आहे. आमचा टाकीवाला गीझर आहे, संध्याकाळी लागायचा. १०० लिटर पाणी ३० अंशांनी तापवायला साधारण साडेतीन युनिट लागतात. तेच टायमर लावून दुपारी तापवलं तर ते साडेतीन युनिट स्वस्तात ग्रिडला जायच्याऐवजी पाण्यात साठतात, संध्याकाळपर्यंत थोडं निवतं पण चालतं. वॉशिंग मशीन पण दुपारी, फक्त गीझरच्या वेळेला नाही, कारण २ किलोवॅटच्या सिस्टीमवर दोन्ही एकदम लावले की वरचं सगळं ग्रिडमधून महागाचं येतं. एवढं केलं की घरात वापरली जाणारी युनिटं १,३५० वरून १,८०० वर जातात, आणि १०० ला १० च्या जागी साडेअकरा. या टायमरची किंमत पॅनेलसमोर काहीच नाही आणि अख्ख्या प्रकल्पात सगळ्यात जास्त परतावा त्याचाच आहे. त्याच्या खालोखाल आमचा म्हातारा फ्रीज बदलणं, पण तो विषय घरात नाजूक आहे.

थांबावं का, अजून स्वस्त होईल का, हेही मनात होतंच. १९५४ मध्ये बेल लॅब्सने पहिला उपयोगी सिलिकॉन सेल दाखवला तेव्हा त्याची कार्यक्षमता ६ टक्क्यांच्या आसपास होती, आणि गेल्या काही दशकांचा अनुभव असा की जगात एकूण विकलेली पॅनेल दुप्पट झाली की किंमत साधारण २० टक्क्यांनी उतरते. पण घरच्या सिस्टीममध्ये आता नुसत्या पॅनेलचा वाटा छोटा राहिलाय, स्टँड, इन्व्हर्टर, वायर, मजुरी, परवानग्या हे सगळं काही त्या वेगाने स्वस्त होत नाही. आणि थांबलेल्या प्रत्येक वर्षाची बचत जातेच.

तरी आम्ही थांबलोय. कारण गच्चीला वॉटरप्रूफिंग करून बरीच वर्षं झालीत, आणि वर पॅनेल बसवून पाच वर्षांनी गळती निघाली तर सगळं उतरवून परत चढवण्याचा खर्च कुठल्याच पीडीएफमध्ये नसतो. आधी गच्ची, मग २ किलोवॅट. सोलरवाल्याला सांगितलं तर तो म्हणाला मॅडम निदान ३ तरी घ्या. म्हटलं बघू, आधी सूर्य सगळ्यात खालून जातो त्या दिवसांत टाकीची सावली कुठवर येते ते सकाळी ९ ला, १२ ला आणि ३ ला खडूने आखायचंय. खडू मुलीने आणून ठेवलाय.